यकृताची कणगी

सारंगखेड्याच्या यात्रेतून आल्यापासून तुमच्या तोंडी घोड्यांशिवाय दुसरा विषय नाही, तर आजची गोष्टही घोड्यापासूनच सुरू करू. दत्तजयंतीला तापीकाठी बाजार भरतो, तेव्हा घेणारा माणूस घोड्याचे दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून चाल बघतो. पण घोडा ज्याच्या बळावर पळतो, तो अवयव कुणाच्याच नजरेला पडत नाही. पोटात डाव्या अंगाला असते ती पानथरी. तुमच्या पुस्तकात तिला प्लीहा म्हणतात. घोडा शांत उभा असतो तेव्हा त्याच्या लाल रक्तपेशींचा मोठा वाटा या पानथरीत थांबलेला असतो. टाच मारली, घोडा सुटला, की पानथरी आकसते आणि त्या सगळ्या पेशी रक्तात सोडते. क्षणात रक्त दाट होतं, अंगाला प्राणवायू जास्त मिळतो.

जिथे एवढ्या लाल पेशी, तिथे लोखंड आलंच. 1937 साली व्हिलेम लाउफबर्गर नावाच्या चेक शास्त्रज्ञाने घोड्याच्या पानथरीतून एक प्रथिन वेगळं काढलं आणि त्याचे स्फटिक केले. त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त निव्वळ लोखंड होतं! त्या प्रथिनाला नाव मिळालं फेरिटिन. आज आपल्या नंदुरबारच्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबच्या कागदावर ‘सीरम फेरिटिन’ असं छापलेलं दिसतं ना, ते हेच. घोड्यात आहे तसंच तुमच्या-माझ्या अंगातही आहे, आणि त्याचा मोठा साठा यकृतात आहे.

धाकटा विचारतोय, लोखंड साठवायला एवढं खास प्रथिन कशाला हवं? रास्त प्रश्न आहे. लोखंडाशिवाय जगता येत नाही, आणि मोकळं लोखंड पेशीत हिंडू दिलं तर पेशी जगत नाही, असा हा पेच आहे. प्रत्येक पेशी आपलं रोजचं काम करताना थोडा हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. हेन्री फेंटन नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1894 मध्ये लिहून ठेवलं की लोखंड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की फार जहाल क्रिया होते. पेशीत ती झाली तर पेशीचं आवरण, प्रथिनं, थेट जनुकाचा धागासुद्धा, समोर येईल ते जळतं. म्हणून लोखंड कोंडून ठेवावं लागतं.

आपल्याकडे बांबू विणून, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपून कणगी करतात. ज्वारी, मका, भगर पावसाळाभर त्यात सुखरूप राहते आणि लागेल तशी काढता येते. फेरिटिन ही पेशीची कणगी आहे असं समजा. प्रथिनाचे 24 तुकडे एकमेकांत गुंफून एक पोकळ गोळा होतो. त्याच्या पोटात लोखंडाचे 4500 पर्यंत अणू मावतात. एक मिलिमीटर लांबीत असे 80 हजारांहून जास्त गोळे ओळीने बसतील. आणि त्या कणगीच्या भिंतीतच एक विकर आहे. विकर म्हणजे एन्झाइम: पेशीतली रासायनिक कामं झटपट उरकणारं प्रथिन. आत येणाऱ्या लोखंडाचं रूप ते पालटतं. विरघळणारं, खोडकर लोखंड ते घट्ट खनिजाच्या रूपात आणतं. तुम्हाला नवल वाटेल, पण ते खनिज गंजाच्याच जातीचं असतं. आपल्या प्रत्येकाच्या यकृतात अशा अब्जावधी कणग्या भरून ठेवलेल्या आहेत.

आता हे लोखंड येतं कुठून? जेवणातून, हे खरं, पण फारच थोडं. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून 3 ते 4 ग्रॅम लोखंड असतं आणि रोजच्या खाण्यातून 1 ते 2 मिलिग्रॅमच आत शिरतं. रोजची गरज मात्र 20 ते 25 मिलिग्रॅमची. ती भागते जुन्या रक्तातून. लाल पेशी साधारण 120 दिवस जगते. म्हातारी झाली की पानथरीतल्या आणि यकृतातल्या भक्षक पेशी तिला गिळतात. दर सेकंदाला 20 ते 25 लाख लाल पेशी अशा जातात आणि तितक्याच नव्या तयार होतात. भक्षक पेशीत एक विकर हिमोग्लोबिनचा लाल रंगकण फोडतं, आधी हिरवं द्रव्य होतं, मग पिवळं, आणि लोखंड सुटं होतं.

ताई, परवा तू सायकलवरून पडलीस, तो गुडघा दाखव बरं. पहिल्या दिवशी काळानिळा होता. मग कडेने हिरवट झाला, आज पिवळा पडलाय. आणखी थोड्या दिवसांनी जाता जाता तपकिरी छटा राहील. कातडीखाली सांडलेल्या रक्ताची तीच मोडतोड तुला उघड्या डोळ्यांनी दिसते आहे. हिरवं ते बिलिव्हर्डिन, पिवळं ते बिलिरुबिन, आणि शेवटचा तपकिरी डाग हा साठलेल्या लोखंडाचा. यकृतात हे काम रात्रंदिवस चालू असतं.

पण एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. लोखंड अंगात येण्याची वाट आहे, बाहेर टाकण्याची मुद्दाम केलेली वाट नाही. मीठ जास्त झालं तर लघवीवाटे जातं. लोखंडाचं तसं नाही. कातडीचे, आतड्याचे कण झडतात त्यांच्याबरोबर जाईल तेवढंच. म्हणून दारातच पहारा आहे. यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक करतं. साठा भरला की हेप्सिडिन वाढतं आणि आतड्यातून लोखंड आत यायचं थांबतं. हे आपल्याला 2000-2001 च्या सुमारास कळलं, म्हणजे मी केव्हाचा नोकरीत होतो तेव्हा.

सगळा पहारा तोंडावाटे येणाऱ्या लोखंडावर आहे. शिरेतून आलं तर?

इथे आपल्या सातपुड्याची गोष्ट सुरू होते. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, कुठल्याही पाड्यावर जा, सिकलसेल हा शब्द ठाऊक नाही असा माणूस विरळा. भिल्ल आणि पावरा समाजात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. जगाला तो कळला 1910 मध्ये. शिकागोतले डॉक्टर जेम्स हेरिक यांनी कॅरिबियन बेटांतल्या ग्रेनाडाहून आलेल्या एका तरुण विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्याचं लिहिलं. भारतात 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो सापडला, आणि 1958 मध्ये शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी नागपूरकडचे रुग्ण ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात नोंदवले. पुढे पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातल्या आदिवासी वस्त्यांत वर्षानुवर्षं रक्ततपासणी केली. त्यांच्या कामाला 2019 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा मला घरच्या माणसाचा सन्मान झाल्याचा आनंद झाला.

हिमोग्लोबिनच्या एका साखळीत 146 कड्या असतात. त्यातली सहावी कडी बदललेली, एवढाच काय तो फरक. प्राणवायू कमी झाला की असं हिमोग्लोबिन आपसात चिकटून लांब दांड्या बनवतं आणि गोल, लवचिक पेशी ताठ, वाकडी होते. बारीक रक्तवाहिन्यांत ती अडकते, आणि मग हाडं, छाती, पोट असं दुखतं की मोठी माणसंसुद्धा ओरडतात. शाळेत तपासणीला येतात तेव्हा बोटातून थेंबभर रक्त घेऊन द्रावणात टाकतात, आठवतं? नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा स्पष्ट दिसल्या तर रक्त ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढची तपासणी करायची. ती गढूळता म्हणजे न विरघळलेलं सिकल हिमोग्लोबिन.

आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी दोन्ही जनुकं बदललेली आली तर आजार. एकच आलं तर माणूस वाहक, तो सहसा धडधाकट असतो. उलट लहानपणी त्याला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणून तर मलेरियाच्या रानात हे जनुक टिकून राहिलं. आपल्या आदिवासींच्या रक्तात काही खोट आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला हे सांगा. ज्या पूर्वजांनी हे रान वसवलं, त्यांची मुलं याच जनुकाने वाचवली.

आजारी मुलाची लाल पेशी 120 दिवस जगत नाही, 10 ते 20 दिवसांतच फुटते. यकृताला जुनं रक्त मोडण्याचं काम कितीतरी पटींनी पडतं. बिलिरुबिन वाढतं, डोळे पिवळे दिसतात, आणि लोक कावीळ समजून झाडपाल्याच्या मागे लागतात. हिमोग्लोबिन फारच उतरलं, किंवा मेंदूला, छातीला धोका झाला, तर रक्त चढवावं लागतं. त्याने जीव वाचतो, यात शंका नको. पण रक्ताच्या एका पिशवीत 200 ते 250 मिलिग्रॅम लोखंड असतं. हेप्सिडिनचा पहारा आतड्याशी, आणि हे तर थेट शिरेतून आलं. दहा पिशव्या झाल्या की दोन-अडीच ग्रॅम लोखंड वाढलं, आणि ते बाहेर जायला वाट नाही.

हे यकृतात कसं दिसतं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत माझं काम होतं ऊती कापायचं आणि रंगवायचं. यकृतातून जाड सुईने काढलेला तुकडा येतो, शिसपेन्सिलीतल्या शिशाहून बारीक. फॉर्मेलिनमध्ये तो पक्का करायचा, मेणात बसवायचा, आणि मायक्रोटोमवर त्याचे 4 ते 5 मायक्रॉन जाडीचे काप घ्यायचे. काप कोमट पाण्यावर सोडला की सुरकुत्या जाऊन पसरतो, मग काचपट्टी खाली घालून अलगद उचलायचा. झायलीनने मेण काढायचं, अल्कोहोलमधून पाण्यात आणायचं. नळाचं पाणी चालत नाही, डिस्टिल्ड पाणीच हवं, आणि लोखंडी चिमटा त्या द्रावणात बुडवायचा नाही. जे शोधायचंय तेच बाहेरून आलं तर निकाल खोटा पडतो. मग पोटॅशियम फेरोसायनाइड आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल समसमान, ताजं मिसळून काचपट्टीवर ओतायचं आणि थांबायचं. वीस मिनिटं, कधी अर्धा तास. शेजारी लोखंड असलेली माहितीची पट्टी ठेवायची. ती निळी झाली तरच दुसऱ्या पट्टीवर विश्वास ठेवायचा.

ही रीत माक्स पेर्ल्स या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने 1867 मध्ये सांगितली. तिच्यात जो निळा तयार होतो तो प्रशियन ब्लू, चित्रकारांचा जुना रंग. जपानच्या होकुसाईने आपल्या प्रसिद्ध लाटेच्या चित्रात तोच वापरला. दीडशे वर्षं उलटली, किती यंत्रं आली, तरी यकृतातलं लोखंड बघायला आजही हीच बाटली काढतात.

शेवटी न्यूट्रल रेडचा फिका हात द्यायचा आणि भिंगाखाली बघायचं. निरोगी यकृत असलं तर सगळं गुलाबी, पेशींच्या रांगा मधल्या शिरेकडे निघालेल्या, निळं जवळजवळ काही नाही. पुष्कळदा रक्त चढवलेल्या रुग्णाचं यकृत असलं की रांगांच्या मधल्या रक्तमार्गांत ठळक निळ्या पेशी दिसतात. त्या कुप्फर पेशी, म्हणजे यकृतातल्या भक्षक पेशी. फुटलेल्या रक्तपेशी त्यांनी गिळल्या, लोखंड त्यांच्या पोटात राहिलं. त्यांचीही जागा भरली की मग खुद्द यकृतपेशींत बारीक निळे कण उगवतात. युरोपात एक आनुवंशिक आजार आहे, त्यात आतडं लोखंड हवं त्यापेक्षा जास्त शोषतं. तिथे उलटं दिसतं: निळं आधी यकृतपेशींत, तेही रक्त जिथून आत येतं त्या कडेला, आणि कुप्फर पेशी बराच काळ कोऱ्या. निळा रंग तोच, पण तो कुठे पडलाय यावरून लोखंड कुठल्या वाटेने आलं ते ओळखता येतं. मला या कामात सगळ्यात जास्त आनंद इथेच मिळायचा.

ताईने बरोबर हटकलं. लाल पेशीत इतकं लोखंड, तर मग काचपट्टीवरचं रक्तच निळं का होत नाही? कारण हिमोग्लोबिनमधलं लोखंड रंगकणाच्या मध्यात इतकं पक्कं धरलेलं असतं की आपल्या द्रावणाच्या ते हातीच लागत नाही. फेरिटिनमधलं लागतं, पण फिकट, पसरट निळं. गडद ठिपके दिसतात ते हिमोसिडरिनचे. कणग्या फार झाल्या की पेशी त्या एका पिशवीत ओढून घेते, अर्धवट मोडते, आणि लोखंडाचा जो गाळ उरतो तो हिमोसिडरिन.

या पिशवीची गोष्ट तर फारच सुंदर आहे. बेल्जियममध्ये क्रिस्तियाँ द द्यूव हे उंदराच्या यकृतावर काम करत होते. त्यांना इन्सुलिनचा अभ्यास करायचा होता. यकृत वाटून त्यात आम्ल फॉस्फेटेज नावाचं विकर मोजलं, तर अपेक्षेच्या मानाने फारच थोडं भरलं. नमुने थंडीत ठेवून दिले. काही दिवसांनी पुन्हा मोजलं तर विकर कितीतरी वाढलेलं. मेलेल्या यकृतात नवं विकर येणार कुठून? दुसऱ्या कुणी आकडा चुकला म्हणून वही मिटली असती. द द्यूव यांनी विचार केला की विकर आधीपासूनच तिथे होतं, कुठल्यातरी पडद्याआड बंद होतं, आणि पडदा फाटल्यावर बाहेर आलं. 1955 मध्ये त्या पिशवीला लायसोसोम नाव मिळालं, 1974 मध्ये त्यांना नोबेल. पेशीतलं जुनंपानं मोडून काढणारी विकरं याच पिशवीत बंद असतात.

हे विकरही रंगवून बघता येतं, पण त्याची तऱ्हा वेगळी. मेणाच्या उष्णतेत विकर मरतं, म्हणून ताजा तुकडा गोठवून कापावा लागतो. ग्योर्गी गोमोरी या हंगेरीतून शिकागोला गेलेल्या शास्त्रज्ञाने 1941 च्या सुमाराला युक्ती काढली. विकराला त्याचं खाद्य द्यायचं आणि शेजारी शिसं ठेवायचं. विकर काम करेल तिथे शिशाचा क्षार बसतो, पुढे तो काळा करून घ्यायचा. म्हणजे इथे पदार्थ दिसत नाही, पदार्थाने केलेलं काम दिसतं! असे काप लोखंडाच्या निळ्या कापांशेजारी ठेवून पाहिले की उलगडा होतो: लोखंडाचा गाळ आणि ही पाचक विकरं एकाच पिशवीत आहेत. 1970 च्या दशकात संशोधकांनी लोखंड साठलेल्या रुग्णांच्या यकृताचे तुकडे तपासले, तेव्हा या पिशव्यांचं आवरण नाजूक झालेलं आढळलं. ज्या लोखंडाला फेंटनच्या क्रियेपासून दूर ठेवायचं होतं, तेच आता आवरण कुरतडत असतं. आवरण गेलं की विकरं पेशीत सांडतात, पेशी मरते, तिच्या जागी कठीण तंतू येतात. असं वर्षानुवर्षं चाललं की यकृत घट्ट, गाठाळ होतं. तोच सिरॉसिस, आणि त्यासाठी दारूचा थेंबही लागत नाही. रक्ततपासणीत एसजीपीटी वाढलं म्हणतात, तेही यकृतपेशीतून बाहेर सांडलेलं एक विकरच.

धातू यकृतात साठून लेकरं जातात, हे महाराष्ट्राने फार जवळून पाहिलंय. मात्र तो धातू लोखंड नव्हे, तांबं. पोटात यकृत दगडासारखं लागायचं आणि वर्ष-दोन वर्षांचं मूल हातचं जायचं. एकाच घरात एकामागून एक. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या डॉ. टॅनर यांच्याबरोबर याचा माग काढला, 1983 मध्ये तो प्रसिद्ध झाला. ऑर्सिनच्या रंगात यकृतपेशींत गडद तपकिरी कण दिसायचे, तांब्याशी बांधलेल्या प्रथिनाचे. डॉक्टर घरी जाऊन चूल बघायचे, भांडी बघायचे. तान्ह्या बाळाला गाई-म्हशीचं दूध, तापवलेलं आणि ठेवलेलं कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात. दूध पितळेतलं तांबं ओढून घेत होतं. भांडी बदलली, आणि तो आजार जवळजवळ नाहीसा झाला. भिंगाखाली दिसलेल्या तपकिरी कणापासून स्वयंपाकघरातल्या पातेल्यापर्यंत जाणारी ही माणसं, यांच्यापुढे मी हात जोडतो.

लोखंडाचं तसं पातेलं बदलून भागत नाही, कारण रक्त चढवणं टाळता येत नाही. मग लोखंड काढायचं कसं? मातीतल्या एका जिवाणूकडून उत्तर आलं. स्ट्रेप्टोमायसिस पिलोसस हा जिवाणू आपल्यासाठी लोखंड पकडायला एक रेणू सोडतो. त्यापासून 1960 च्या दशकात डेस्फेरिऑक्झामिन हे औषध झालं. ते रात्रभर कातडीखाली छोट्या पंपाने द्यावं लागे. लेकरांना आणि आयांना ते किती जड जात असेल! पुढे डेफेरिप्रोनची गोळी आली, आणि तिला सर्वांत आधी, 1990 च्या दशकात, परवानगी दिली ती आपल्या भारताने. आता डेफेरासिरॉक्स आहे, दिवसातून एकदा घ्यायची. यकृतातलं लोखंड मोजायला आता एमआरआय आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या यकृतात सुई टोचणं धोक्याचं असतं, ते त्यामुळे बरंचसं टळतं.

शाळेत आठवड्याला मिळते ती निळी गोळी, तिच्यात 60 मिलिग्रॅम लोखंड आणि सोबत फॉलिक ॲसिड असतं. तुम्ही ती घ्या, न चुकता घ्या. आपल्या जिल्ह्यात लोखंड कमी असलेली पोरंच फार आहेत, त्यांना ती हवीच. पण वर्गातल्या ज्या मुलाला सिकलसेलचा आजार आहे आणि ज्याला पुष्कळदा रक्त चढलंय, त्याचा फिका चेहरा लोखंड कमी असल्यामुळे असेलच असं नाही. त्याचं यकृत भरलेलं असू शकतं. त्याला फॉलिक ॲसिड हवं, कारण नवं रक्त सतत तयार करावं लागतं. लोखंड द्यायचं की नाही हे आधी फेरिटिन बघून डॉक्टरांनी ठरवायचं. आणि ताप असला, सूज असली, तरी फेरिटिन वाढलेलं दिसतं, म्हणून एकाच कागदावर विसंबायचं नाही, ताप उतरल्यावर पुन्हा मोजायचं.

काय रे, अजून एक प्रश्न? पकडलेलं लोखंड जातं कुठे, होय ना. डेफेरासिरॉक्सने पकडलेलं पित्तातून आतड्यात उतरतं आणि शौचावाटे जातं. डेस्फेरिऑक्झामिनचं बरंचसं लघवीतून जातं, आणि तेव्हा लघवीला लालसर रंग येतो. पहिल्यांदा दिसलं की आई घाबरते, रक्त पडतंय समजून मुलाला घेऊन धावत येते. तिला बसवून, पाणी देऊन सांगावं लागतं, की माय, हे रक्त नव्हे, लोखंड निघालंय, औषध लागू पडतंय.